श्वासच धरला पाहिजे असं कुठे लिहिलंय?

वाचकाचं पत्र: ताई, मी नाशिकला असते, वय ३१, सीए फर्ममध्ये नोकरी. झोप नीट लागेना, चिडचिड वाढली म्हणून मेडिटेशन सुरू केलं. अ‍ॅप लावून श्वासावर लक्ष द्यायला बसले की दोन मिनिटांत श्वास मीच ओढायला लागते, छाती भरून येते, धाप लागल्यासारखं होतं. शिवाय हवा एकाच नाकपुडीतून जाणवते, हे नॉर्मल आहे का? मग दिव्यावर त्राटक केलं, म्हणजे ज्योतीकडे टक लावून बघणं, ते आवडलं पण डोळे चुरचुरतात आणि डोळे मिटल्यावर जे रंग दिसतात त्यातच मी रमते. अ‍ॅपवरची मैत्रीभावना, म्हणजे मनात सगळ्यांचं भलं चिंतणं, करून पाहिली तर मनातल्या मनात बॉसशी भांडत बसले. ओम म्हणायची फ्लॅटमध्ये लाज वाटते. नवरा इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आलाय, तो म्हणतो श्वास सोडून बाकी सगळं टाइमपास आहे. सासूबाई म्हणतात नाम घे. पण माझा देवावर तेवढा विश्वास नाही, मग ते ढोंग नाही का होणार? नक्की मन ठेवू तरी कशावर? – गोंधळलेली

अगं, आधी नाकपुडीचं उरकून टाकते, कारण ते सगळ्यात सोपं आहे. हवा एका बाजूने जास्त जाणवणं अगदी नॉर्मल आहे. नाकाच्या आतलं अस्तर आळीपाळीने एका बाजूला फुगतं आणि दुसऱ्या बाजूला ओसरतं, काही तासांनी बाजू बदलते, बहुतेकांचं असंच चालू असतं फक्त एरवी कोणी बघायला जात नाही. आपल्याकडचे जुने लोक उजवी सूर्यनाडी आणि डावी चंद्रनाडी म्हणायचे आणि कुठली चालू आहे ते बघून कामाला निघायचे. तेव्हा ती काळजी सोड.

आता धाप. श्वास ही शरीरातली जरा वेगळीच गोष्ट आहे बघ, आपोआपही चालतो आणि मनात आणलं तर आपण चालवूही शकतो. हृदयाकडे कितीही लक्ष दिलंस तरी तू त्याचा ठोका चालवायला घेणार नाहीस, पण श्वासाकडे नुसतं बघायला गेलं तरी हात लागतोच, आणि एकदा हात लागला की मग 'हा पुरेसा झाला का, पुढचा कधी घेऊ' असा हिशेब सुरू होतो, मग आपण गरजेपेक्षा जास्त हवा ओढतो, छाती ताणली जाते, आणि ताणली गेली म्हणून अजून लक्ष जातं. हे खूप जणांचं होतं. काहींचं नुसतं श्वास सोडण्याकडे लक्ष ठेवलं आणि घेणं शरीरावर टाकलं की सुटतं, काहींचं पोटावर हात ठेवून फक्त हात वरखाली होतोय एवढंच बघितलं की सुटतं. म्यानमारच्या महासी सयाडो या ध्यानगुरूंच्या पद्धतीत तर नाक नाहीच, पोटाचं वर येणं आणि खाली जाणं हेच मुख्य धरतात. तुला कधी वाटलं तर हे दोन्ही करून बघ, पण आत्ता नको. आत्ता तुझं मन बसायच्या आधीच घाबरून बसलंय की आज परत धाप लागणार, आणि अशा गोष्टीवर मन स्थिर करायला शिकणं म्हणजे उगाच स्वतःला छळणं आहे. आणि एक, ही धाप किंवा धडधड ध्यान सोडून एरवीपण होत असेल, जिना चढताना, रात्री झोपेतून उठून, तर हे सदर बाजूला ठेव आणि आधी डॉक्टरला दाखवून ये.

नवऱ्याचं म्हणणं. त्याचं चुकीचं नाही पण अर्धं आहे. इगतपुरीला पहिले साडेतीन दिवस फक्त नैसर्गिक श्वास बघायला देतात, नाकपुड्यांच्या खाली आणि वरच्या ओठाच्या वर एवढीशी जागा, मोजायचं नाही, नाम नाही, चित्र नाही, आणि मग चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते, म्हणजे अंगभर संवेदना बघायच्या. सत्यनारायण गोएंका ही पद्धत म्यानमारमध्ये ऊ बा खिन यांच्याकडून शिकले आणि १९६९ साली भारतात येऊन शिकवायला लागले. आता मजा अशी की एखादा शब्द धरला तर मन लवकर एकाग्र होतं हे त्यांनाही मान्य होतं. तरीही ते शब्द देत नाहीत, कारण त्यांना पुढे शरीरातलं बारीक बारीक जाणवायला हवं असतं, आणि त्या कामाला श्वासच सोयीचा, तो शरीरातलाच आहे. म्हणजे त्यांचा श्वास त्यांच्या पुढच्या पायरीसाठी आहे. तुझी पुढची पायरी सध्या एवढीच की दहा मिनिटं एका जागी बसता यावं आणि मन गेलं की परत आणता यावं. (तुला पुढे कधी शिबिराला जावंसं वाटलं तर खुशाल जा, पण फॉर्मवर तब्येतीचं आणि मनाचं विचारतात तिथे ही धाप खरी खरी लिही. आणि दहा दिवस तिथे माळ-जप बंद ठेवायला सांगतात, तेवढे दिवस त्यांचं ऐकायचं, दोन्हीची भेसळ करायची नाही.)

श्वास सोडून बाकी टाइमपास असं जर असतं तर जुन्या लोकांनी एवढ्या याद्या केल्या नसत्या. पाचव्या शतकात लंकेत अनुराधपूरला बुद्धघोष या बौद्ध भिक्खूंनी विसुद्धिमग्ग हा पाली ग्रंथ लिहिला, त्यात मन लावायचे ४० विषय दिलेत. त्यात मातीची गोल चकती आहे, पाणी आहे, आग आहे, निळा पिवळा लाल पांढरा रंग आहे, मैत्री करुणा आहे, बुद्धाचे गुण आठवणं आहे, आणि कुजत चाललेली प्रेतंसुद्धा आहेत दहा प्रकारची, ती फार आसक्ती असलेल्या माणसासाठी. म्हणजे माणूस बघून विषय द्यायचा. रागीट असेल तर मैत्री नाहीतर रंगांच्या चकत्या, भाविक असेल तर आठवणीचे विषय, आणि ज्याचं डोकं सतत विचार करत भिरभिरतं त्याला श्वास. हो, खरं सांगायचं तर त्या हिशेबाने तुला श्वासच मिळाला असता, नवरा वाचून खूष होईल! पण तिथे विषय देणारा गुरू समोर बसलेला असायचा, शिष्याला धाप लागली तर त्याला ती दिसायची आणि तो काहीतरी बदलून द्यायचा. तुझ्या अ‍ॅपला तुझी छाती दिसत नाही.

हे वाचणाऱ्या ज्यांना श्वासाचा काही त्रास नाही त्यांच्यासाठी त्याच ग्रंथातली एक गोष्ट सांगून ठेवते, श्वास मोजायचे तर पाचच्या आत थांबू नये आणि दहाच्या पुढे जाऊ नये. पाचच्या आत मन कोंडल्यासारखं होतं, आणि दहाच्या पुढे गेलं की मन श्वास सोडून आकड्याला चिकटतं. आपण सदतीस अडतीसपर्यंत मोजत जातो आणि तेव्हा लक्षात येतं की मोजणारा एकीकडे आणि आपण भलतीकडे. तू दिवसभर आकड्यांतच असतेस, तुझं तर लगेच होईल.

पतंजलींकडे ये. योगसूत्रांच्या पहिल्या पादात, म्हणजे भागात, चित्त का विखुरतं त्याची कारणं दिलीत, आळस, शंका, आजारपण वगैरे, आणि त्यावर उपाय काय तर एकाच तत्त्वाचा अभ्यास. मग पुढे ते विषय देत जातात, श्वास बाहेर सोडणं आणि रोखणं, इंद्रियांना जाणवणारी एखादी गोष्ट, आतला प्रकाश, आसक्ती गेलेल्या माणसाचं चित्त, स्वप्नातलं किंवा झोपेतलं ज्ञान, आणि शेवटी ३९व्या सूत्रात सांगून टाकतात की नाहीतर तुला जे आवडेल त्याचं ध्यान कर. म्हणजे एकच धर ही अट कडक, पण कुठलं धरायचं ते ज्याच्या त्याच्यावर सोडलेलं. तुझ्या पत्रात नेमकं उलटं झालंय, कुठलं बरोबर ह्यावर तू एवढा खल केलास की एक असं काही धरलंच नाहीस. चार गोष्टी केल्यास, चारही अर्धवट, आणि मला वाटतं प्रत्येक वेळी बसल्या बसल्या 'काही होतंय का, मन शांत झालं का' हे बघत होतीस. डाळीचा कुकर दर मिनिटाला उतरवून झाकण काढून बघायचं आणि मग म्हणायचं डाळच खराब आहे, असं चाललंय ते.

पण म्हणून कुठलंही चालेल असंही मी म्हणणार नाही. दिव्याचंच बघ. त्राटक वाईट नाही, हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथात ते सहा शुद्धिक्रियांमध्ये आहे, बारीक लक्ष्यावर नजर ठेवायची ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि विसुद्धिमग्गात तर आगीवर ध्यान करणाऱ्याला सांगितलंय की चटईला किंवा कातड्याला एक वीत चार बोटं एवढं भोक पाड, ते समोर टांग, आणि त्या भोकातून आगीकडे बघ, खालची लाकडं बघायची नाहीत, वरचा धूर बघायचा नाही, फक्त मधली दाट ज्योत. हे किती शहाणपणाचं आहे बघ, आगीत रमण्यासारखं जेवढं काही आहे, ठिणग्या, धूर, सरकणारी लाकडं, ते सगळं चटईने झाकून टाकलं. रमायला लागलं की मन स्थिर झाल्यासारखं वाटतं पण ते करमणुकीत गेलेलं असतं. तू डोळे मिटल्यावर रंग बघत बसतेस, उद्या काल दिसला तसा जांभळा दिसला नाही की हिरमुसशील. त्यात दिवसभर स्क्रीनसमोर बसून डोळे आधीच थकलेले, त्यांना अजून न मिटता ज्योतीवर लावायचं कशाला? ज्यांना काचबिंदू, मायग्रेन किंवा फिट्सचा त्रास आहे त्यांनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय दिव्याच्या नादी लागूच नये.

मैत्रीभावनेत तू बॉसपासून सुरुवात केलीस तिथेच फसलं. सुरुवात स्वतःपासून करायची असते, मग ज्याच्याबद्दल आदर वाटतो असं कोणी, आणि भांडणाचा माणूस अगदी शेवटी, मनात पुरेसा ओलावा आल्यावर. जुन्या ग्रंथात स्पष्ट सांगितलंय की वैरी सुरुवातीला घ्यायचा नाही, फार जवळचं माणूसही घ्यायचं नाही. अ‍ॅपने हे पाच मिनिटांत गुंडाळलं असेल. पण तुझं मन भांडायला टपलेलंच आहे, सध्या माणसं नकोतच विषयात.

तर मग माझं मत सांगते, सासूबाईंचं ऐक. नाम घे. आणि हे मी त्या सासू आहेत म्हणून सांगत नाहीये.

कारण असं की तुझं डोकं बडबडं आहे, तुझ्या पत्रातूनच दिसतं, बसलीस की आतल्या आत वाक्यं चालू होतात, बॉसला हे सुनवायला हवं होतं, तो टीडीएसचा फरक अजून जुळला नाही, ऑडिटची तारीख जवळ आली. ही सगळी बडबड शब्दांत चालते. हाताचा स्पर्श, आजूबाजूचे आवाज असे मुके विषय घेतले तर ती बडबड बाजूला तशीच चालू राहते, तिला जागा मोकळीच असते. शब्द घेतला की निदान त्याच जागेवर काहीतरी बसतं. मन जाणार नाही असं नाही, जाईलच, पण गेलेलं लवकर कळतं कारण शब्द तुटलेला असतो.

ढोंगाबद्दल. हे तू विचारलंस ते बरं केलंस, कारण ह्यावरून बरेच जण अडतात. तू दहा मिनिटं काही अक्षरं म्हणतेस आणि मन गेलं की परत त्या अक्षरांवर आणतेस, ह्यात तू कुणाला फसवत नाहीयेस. ढोंग तेव्हा होईल जेव्हा तू सासूबाईंपुढे भाविक असल्याचं दाखवशील. त्यांना सरळ सांग की आई, मी मन एकाग्र व्हावं म्हणून घेते, त्यांना चालेल असं मला वाटतं, नाही चाललं तरी त्यांचं नाम त्यांच्यापाशी. हार्वर्डचे हर्बर्ट बेन्सन म्हणून हृदयरोगतज्ज्ञ होते, त्यांनी १९७०च्या दशकात मंत्राचं ध्यान करणाऱ्या लोकांवर अभ्यास केला आणि मग आपल्या पेशंटना म्हणाले मंत्र नको असेल तर नुसतं 'वन' म्हणा, म्हणजे एक. देवाचा काही संबंध नाही. आता तू म्हणशील मग मी पण 'एक'च म्हणते, पण अगं तू सीए फर्ममधली, एक म्हटलंस की तुझं मन दोन म्हणणारच. 'शांत' असा शब्दही घेऊ नको, तो घेतला की मन लगेच तपासायला जातं की मी झाले का शांत. 'सोहम्' श्वासाला बांधलेला असतो, तोही तुला नको. ज्याचा अर्थ लावायला मन थांबत नाही, जो लहानपणापासून कानावर आहे आणि जिभेला सवयीचा आहे, असा शब्द बरा. रामकृष्ण हरी घे नाहीतर श्रीराम जय राम जय जय राम. मी तुझ्या जागी असते तर दुसरं घेतलं असतं, तेरा अक्षरं आहेत, त्याला चाल आहे, फार छोटं नाम पटकन यंत्रासारखं व्हायला लागतं आणि मागे टीडीएस परत सुरू. अगदीच देवाचं नाव तोंडात अडखळत असेल तर शाळेतल्या कवितेची एखादी ओळ घे, माझी काही हरकत नाही, पण मग तीच ठेव.

आता लाजेचं. ओम मोठ्याने म्हणायची लाज वाटते ना, मग जपाचे तीन प्रकार आहेत त्यातला मधला घे. वाचिक म्हणजे मोठ्याने, मानसिक म्हणजे मनातल्या मनात, आणि मध्ये उपांशु, ओठ हलतात पण शेजारच्याला ऐकू जात नाही. लोक थेट मानसिकवर जातात कारण ते वरचं मानलंय, आणि मग दुसऱ्याच मिनिटाला कुठल्या कुठे. तू ओठांपासून सुरू कर. ओठ थांबले की समजायचं मन गेलं. एवढं हळू म्हण की प्रत्येक अक्षर आत ऐकू आलं पाहिजे, रा म्हटल्यावर म यायच्या आधीची बारीकशी जागा कळली पाहिजे. आणि श्वासाशी जुळवू नको! हे महत्त्वाचं आहे, अनेक जण सांगतील की श्वास घेताना अर्धं म्हण, सोडताना अर्धं, तुझ्या बाबतीत परत तेच धापेचं चक्र सुरू होईल. नाम त्याच्या चालीने, श्वास त्याच्या चालीने.

मन गेलेलं लक्षात आलं की वैतागायचं नाही, पहिल्यापासून सुरू करायचं नाही, जिथे आहेस तिथून पुढचं नाम. गेलं किती वेळा ह्याची नोंद ठेवू नको, तुला सवय आहे म्हणून मुद्दाम सांगते, एक्सेल शीट अजिबात करू नको. सकाळी फोन हातात घ्यायच्या आधी दहा मिनिटं, खुर्चीत बसलीस तरी चालेल, पाठ टेकली तरी चालेल. पेंगायला लागलीस तर डोळे अर्धे उघड किंवा जरा आवाज काढ. रात्री झोप येत नाही म्हणून अंथरुणात नाम घ्यायचं तर घे, झोप लागली तर उत्तमच, पण ते सकाळच्या बैठकीत धरू नको, नाहीतर नाम घेतलं की झोप अशी सवय लागेल.

आणि आता दिवाळीपर्यंत हे बदलायचं नाही. कंटाळा येईल, साधारण तिसऱ्या आठवड्यात येतो, सगळं कोरडं कोरडं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर नवीन मेडिटेशनचा व्हिडिओ पाठवतं. बघू नको. कंटाळा येणं म्हणजे विषय चुकला असं नाही, कंटाळा आला तरी मन परत येतंय ना एवढं बघ. विषय चुकलाय असं कधी समजायचं तर भीती वाटायला लागली, धडधड वाढली, जुनं काही वाईट आठवून रडू आवरेना, बसून उठल्यावर दिवसभर बधिर वाटलं, तेव्हा. तसं झालं तर डोळे उघड, उठ, बसणं थांबव, आणि काही दिवस नुसतं चालताना पाय जमिनीला टेकतात तिकडे लक्ष ठेव. तरी होत राहिलं तर समुपदेशकाकडे जायचं, त्यात कमीपणा काही नाही.

नवऱ्याला त्याचा श्वास करू दे, तुम्ही एकाच खोलीत बसलात तरी चालेल, बोलायचं नाही एवढंच. कोणाचं ध्यान जास्त खरं ह्यावर नाश्त्याला चर्चा मात्र नको.

माळ घ्यायची का असं तू विचारलं नाहीस पण सासूबाई देतीलच हातात. घे. बोटाखालून मणी सरकतो तो स्पर्श मन आणायला मदत करतो. मधल्या बोटावर माळ ठेवून अंगठ्याने मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लांब ठेवतात, आणि मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा मणी, आला की तो ओलांडायचा नाही, माळ उलट फिरवायची. फक्त १०८ पूर्ण करायच्या मागे लागू नको, वेळ संपला की थांब, नाहीतर बोटं पळतात आणि मन ऑफिसला पोचलेलं असतं. तुळशीची असो नाहीतर साधी लाकडी, काही फरक पडत नाही, पण दोन मण्यांमध्ये गाठ असलेली बघून घे, गाठ नसली की मणी एकमेकांवर घसरतात आणि एका वेळी दोन दोन हाताला येतात.